दोन फ्रिजांवरची नजर

संस्कृती म्हणजे तापमान राखणं. अन्न, औषध आणि राग या तीन गोष्टी ज्या समाजाला थंड ठेवता आल्या तोच समाज टिकला, असं आमच्या ट्रस्टच्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला अध्यक्षांनी सांगितलं आणि टाळ्या झाल्या. हे सगळं ज्यांच्यासाठी सांगितलं ते दोन फ्रिज व्यासपीठाच्या बाजूला झेंडूच्या माळा घालून उभे होते. एकात रक्त तपासण्याची रसायनं राहणार होती. दुसऱ्यात कार्यकारिणीच्या बैठकीचं श्रीखंड.

ट्रस्ट ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींचा. पूर्वजांपैकी कोणी दरबारात लेखणी चालवली, कोणी फौजेत तलवार. पतवंडं आज विम्यात, बँकेत आणि कोचिंग क्लासांत आहेत. तलवारवाल्यांचे वंशज खुर्चीत किंचित जास्त ताठ बसतात, एवढाच फरक मला आजवर दिसला आहे. अध्यक्ष त्यांच्यातले. एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण त्यांना सगळे सरदारसाहेब म्हणतात आणि तेही ओ देतात. नई सडकेच्या मागच्या गल्लीत ट्रस्टची जागा आहे. खाली प्रयोगशाळा, वर सभेची खोली आणि तिला लागून पॅन्ट्री.

मी हरिशंकरपुरममध्ये राहतो आणि यंत्रं नेटवर्कला जोडून देतो. बऱ्याच यंत्रांना नेटवर्क कळत नाही. वजनकाटा, थर्मामीटर, रक्ताचं मशीन यांना जुनी सीरियल तार तेवढी कळते. तिच्यातून ती एकेक अक्षर पुटपुटत राहतात. हे पुटपुटणं ऐकून पुढे नेटवर्कवर पोचवणारा एक डबा मिळतो, त्याला डिव्हाइस सर्व्हर म्हणतात. डब्याला ओळीने चार पोर्ट असतात आणि प्रत्येक पोर्टला एक प्रोफाइल द्यावं लागतं. म्हणजे इथे जे कोणी जोडलेलं असेल त्याच्याशी कुठल्या वेगाने बोलायचं आणि त्याचं म्हणणं कोणापर्यंत कसं न्यायचं, हे ठरवून द्यायचं. एका प्रोफाइलमध्ये कॉम्प्युटरला वाटतं की यंत्र आपल्याच पाठीला चिकटलेलं आहे. दुसऱ्यात डबा जो विचारेल त्याला आकडा देतो आणि गप्प बसतो. डबा फक्त पोर्ट ओळखतो. त्या पोर्टवर आज कोण येऊन बसलंय, ते त्याला कळत नाही. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. आमच्या ट्रस्टची घटनाही अशीच आहे.

पोर्ट एकवर लॅबच्या फ्रिजचं थर्मामीटर लावायचं होतं, पोर्ट तीनवर रक्ताचं मशीन. काम एवढंच होतं. पण सरदारसाहेब म्हणाले, "आणि पॅन्ट्रीचा फ्रिज? एकावर नजर आणि दुसऱ्यावर नाही, हा दुजाभाव बरा दिसत नाही. फोटोत दोन्ही येणार आहेत."

मग दुसरं तसंच थर्मामीटर आलं, त्याची तार वरून खाली आली आणि पोर्ट दोनवर बसली. दोन्ही थर्मामीटरं जुळी, त्यामुळे पोर्ट एकचं प्रोफाइल मी पोर्ट दोनवर जसंच्या तसं उतरवलं. एकाला 'लॅब' नाव दिलं, दुसऱ्याला 'पॅन्ट्री'. लॅबच्या कॉम्प्युटरवर दोन रेषा दिसू लागल्या. फोटो निघाले. मी घरी गेलो.

दिवाळी झाल्यावर सचिवांचा फोन आला. सचिव लेखणीवाल्यांतले, आवाज नेहमी शेजारच्या खोलीत कोणीतरी आजारी असल्यासारखा.

"तुमचा डबा काय दाखवतोय ते एकदा बघून जा हो. डब्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे."

हे वाक्य मला आवडलं नाही. माणसं यंत्रावर पूर्ण विश्वास दाखवू लागली की जवळपास कोणीतरी माणूस अडचणीत आलेला असतो.

अडचणीत आली होती लॅबची तंत्रज्ञ बाई. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. लॅब उघडल्यापासून ती एकटीच तिथलं सगळं पाहते. रसायनांचा फ्रिज दोन ते आठ अंशांत राहायला हवा, आणि पडद्यावरची लॅबची रेषा बारा, चौदा, कधी सोळापर्यंत उड्या मारत होती. समितीने अर्थ लावला: बाई फ्रिज सारखा उघडते, त्यात स्वतःचं दूध-भाजी ठेवते, दार नीट लावत नाही. तिला नोटीस गेली होती. शनिवारच्या बैठकीत तिने निष्काळजीपणा मान्य केल्याची सही करायची आणि मग राजीनामा द्यायचा, असं ठरलं होतं. नोकरी जाणार होतीच, पण खरी गोष्ट त्या सहीची होती. इथल्या लॅबवाल्यांत नवीन माणूस घेण्याआधी जुन्या ठिकाणी फोन करायची पद्धत आहे. रसायनं नासवली असं एकदा लिहून दिलेल्या तंत्रज्ञाला दौलतगंजपासून मुरारपर्यंत कोणी दारात उभं केलं नसतं.

मी गेलो तेव्हा ती सुईचे डबे रचत होती.

"दादा, एकदम खरं सांगा, तुमचा पण माझ्यावरच शक आहे ना?"

"माझा सगळ्यांवर आहे."

"म्हणजे माझ्यावर पण."

"म्हणजे तुमच्यावर पण."

ती हसली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले. "बरं झालं. बाकी सगळे म्हणतात, ताई, आमचा तर तुमच्यावर पूर्ण भरोसा आहे. आणि लगेच म्हणतात, इथे सही करून टाका."

मी फ्रिज उघडला. आत रसायनांचे खोके ओळीने होते. दूध नव्हतं, भाजी नव्हती. अर्थात नोटीस आल्यावर कोण ठेवेल, असंही मनात आलं.

"रोज सकाळी मी आधी माहीत असलेलं सॅम्पल लावून मशीन तपासते," ती म्हणाली. "रोज बरोबर येतं. रसायन खराब झालं असतं तर आलं असतं काय? हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणे, ते सगळं ठीक आहे, पण रेषा?"

ते सॅम्पलही तीच लावत होती. हा विचार माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण ती पुन्हा सुयांकडे वळली.

मग मी डब्याचं सेटिंग उघडलं. पोर्ट एक, प्रोफाइल मी दिलेलं. वेग तोच. नाव 'लॅब'. पोर्ट दोन, तसंच, 'पॅन्ट्री'. कोणी काही बदललेलं नव्हतं. हे समाधानाचं असायला हवं होतं, पण सगळं जागच्या जागी असलं की मला चैन पडत नाही.

तेवढ्यात सचिव डोकावले. "काय, डबा ठणठणीत?"

"सेटिंग बरोबर आहे."

"तेच म्हणतोय. बिचारी बाई तशी चांगली आहे हो. पण आता काय करणार? बाय द वे, आमच्या भाचेसुनेचा लॅबचा डिप्लोमा झाला यंदा. उगीच सांगितलं."

उगीच सांगितलेल्या गोष्टी मी नीट लक्षात ठेवतो. त्या दुपारी मी सचिवांवर भरपूर संशय घेतला. डब्याचा पासवर्ड त्यांना माहीत होता का? होता. तो त्यांनी एका कागदावर लिहून डब्याच्याच पाठीला चिकटवला होता, विसरू नये म्हणून. म्हणजे पासवर्ड त्यांना, ताईला, झाडूवाल्याला आणि रक्त द्यायला येणाऱ्या कोणालाही माहीत होता. पण सचिवांना प्रोफाइल बदलता येईल हे मला पटेना. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मोठा करून पाहता येत नाही.

मी रेषा पाहत बसलो. लॅबची रेषा कोणत्या वेळी उडते ते शोधलं. ती सर्वांत जास्त उडत होती शनिवारी संध्याकाळी. शनिवारी लॅब दुपारीच बंद होते आणि ताई घरी जाते. मला वाटलं, सुटली बिचारी. वर जाऊन हे सचिवांना सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "किल्ली तिच्याकडेच असते ना? म्हणजे संध्याकाळी परत येते. आम्ही वर बैठकीत असतो तेव्हा! हिंमत बघा."

पुरावा असा असतो. मी तो तिच्या बाजूने घेऊन गेलो होतो आणि जिना उतरताना तो तिच्या विरुद्ध झाला होता.

पुन्हा पडद्यापुढे बसलो आणि रेषा मागे ओढत नेली. नवरात्रापर्यंत गेल्यावर एक गोष्ट दिसली. तिथे दोन्ही रेषा तुटलेल्या होत्या. मध्ये काही तास काहीच नव्हतं, मग पुन्हा सुरू. तुटण्याआधी लॅबची रेषा शांत होती, गायीसारखी, आणि पॅन्ट्रीची उड्या मारणारी. तुटल्यानंतर लॅबची उड्या मारत होती आणि पॅन्ट्री गाय झाली होती. पॅन्ट्रीची रेषा कोणी पाहतच नव्हतं. शांत राहणाऱ्याकडे समिती लक्ष देत नाही.

"ताई, नवरात्रात हा डबा बंद होता का?"

"खंडेनवमीला पूजा झाली ना सगळ्याची. वर घेऊन गेले होते."

माझ्या धंद्यात 'आम्ही कशालाच हात लावला नाही' हे वाक्य मी रोज ऐकतो. इथे हात लावला होता, गंधाक्षता लावून लावला होता, आणि म्हणूनच कोणाला तो हात लावणं वाटलं नव्हतं.

सरदारसाहेब वर ऑफिसात होते. खंडेनवमीचा विषय काढल्यावर ते खुलले. तलवारवाल्यांच्या घरी त्या दिवशी शस्त्रं पुजतात. ट्रस्टकडे तलवार एकच आहे आणि ती एखाद्या ऐतिहासिक नाटकातून आली असावी असा माझा जुना संशय आहे, म्हणून यंदा सरदारसाहेबांनी पूजेचा विस्तार केला होता.

"शस्त्र म्हणजे काय हो? ज्याने माणूस लढतो ते. आज आपला समाज कशाशी लढतो? मधुमेहाशी. मग मायक्रोस्कोप आला, तुमचा डबा आला. सगळं ओल्या फडक्याने पुसून पाटावर मांडलं. तुमच्या डब्याला तर मी स्वतः कुंकू लावलं."

कुंकू मी पाहिलं होतं. पोर्ट चारमध्ये अजून होतं.

"आणि पूजा झाल्यावर परत कोणी लावला?"

"मीच. शस्त्र परत म्यानात घालायचं ते दुसऱ्याच्या हाताने घालत नाहीत."

"तारा?"

"जशा होत्या तशा."

त्यांचा आवाज इतका ठाम होता की त्या चुकल्या आहेत अशी माझी खात्री पटली. रक्ताच्या मशीनची तार जाड आणि आखूड, ती पोर्ट तीनशिवाय कुठे पोचतच नव्हती. उरल्या दोन करड्या, सारख्या टोकांच्या, जुळ्या बहिणी. थर्मामीटरंही जुळी, प्रोफाइलंही जुळी. अदलाबदल झाली तर डब्याने कुरकुर करण्याचं कारणच नव्हतं. वेग वेगळा असता तर पडद्यावर कचरा आला असता आणि कोणीतरी मला तेव्हाच बोलावलं असतं. इथे आकडे स्वच्छ येत होते, फक्त दुसऱ्याच्या नावावर.

तारा तिथल्या तिथे बदलून टाकाव्यात असं वाटलं. पण मग काय झालं असतं? रेषा शांत झाली असती आणि सचिव म्हणाले असते, बघा, नोटीस मिळाल्यावर बाई सुधारली. किंवा म्हणाले असते, इंजिनियरने तिला वाचवायला काहीतरी फिरवलं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. म्हणून मी कशाला हात लावला नाही, कोणाला काही सांगितलं नाही, आणि शनिवारच्या बैठकीला येतो म्हणून कळवलं.

शनिवारी सभेच्या खोलीत समिती जमली. भिंतीवर मोठा टीव्ही आहे, बहुतेक वेळ बंद असतो. मी त्यावर रेषा लावल्या. ताई दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. सहीचा कागद टेबलावर, त्यावर पेन आडवं ठेवलेलं.

"लॅबला कुलूप आहे?" मी विचारलं.

"मीच लावलंय," सचिव म्हणाले. "किल्ली माझ्याकडे. आता धोका पत्करायचा नाही असं ठरवलंय."

"ताई इथेच आहेत. खाली कोणी नाही?"

"चिटपाखरू नाही."

"मग सरदारसाहेब, एक विनंती. पॅन्ट्रीतून काहीतरी आणाल का? तुमच्या हाताने."

"मी? शिपाई आहे ना."

"शस्त्राचा प्रश्न आहे."

ते उठले. पॅन्ट्रीची किल्ली त्यांच्याच खिशात असते. पॅन्ट्रीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग फ्रिजचं दार.

"काय आणू? श्रीखंड आहे, बासुंदी आहे."

"सावकाश ठरवा. दार उघडं राहिलं तरी चालेल."

"वीज काय फुकट आहे?"

टीव्हीवरची लॅबची रेषा हलली. सहा. सात. सगळे तिच्याकडे बघत होते. नऊ झाल्यावर सचिव ताडकन उभे राहिले आणि सदऱ्याचा खिसा चाचपू लागले.

"अहो, लॅबचा फ्रिज कोणीतरी उघडलाय! किल्ली माझ्याकडे आहे! ही बघा!"

"काय गडबड आहे?" पॅन्ट्रीतून आवाज आला.

"काही नाही काका," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "तुम्ही दार लावा, म्हणजे लॅब थंड होईल."

सरदारसाहेब हातात श्रीखंडाचा डबा घेऊन दारात आले आणि टीव्हीकडे पाहत उभे राहिले. रेषा हळूहळू उतरत होती. मी उघडच सांगितलं: खंडेनवमीला दोन तारा इकडच्या तिकडे लागल्या. तेव्हापासून लॅबच्या नावावर जे दिसतंय ते पॅन्ट्रीचं तापमान आहे. लॅबचा फ्रिज सगळा वेळ पॅन्ट्री म्हणून दिसत होता आणि एकदाही आठच्या वर गेलेला नाही.

"पण मी जशा होत्या तशा लावल्या," सरदारसाहेब म्हणाले.

"तारा एकसारख्याच आहेत."

"मग तुमच्या डब्याने सांगायला नको? एवढा शहाणा आहे तर?"

"त्याला आकडे मिळत होते. तो खूश होता."

"म्हणजे दोष डब्याचाच."

कोणी वाद घातला नाही. सचिवांनी सहीचा कागद अलगद उचलला, घडी केली, पुन्हा घडी केली आणि इतका लहान केला की तो खिशात गेला. "ताई, आमचा तर तुमच्यावर पहिल्यापासूनच पूर्ण..." ते म्हणाले.

"हो, माहीत आहे," ताई म्हणाली. "पण मला मिळालेली नोटीस रद्द झाली असं लिहून द्या. आत्ता. मी थांबते."

ती थांबली. सचिवांना मसुदा सुचेना तेव्हा तिने सांगितला, त्यांनी लिहिला आणि सरदारसाहेबांनी श्रीखंड खाली ठेवून सही केली. कागद पर्समध्ये गेल्यावर तिने पहिल्यांदा पर्स मांडीवरून खाली ठेवली.

इथे सगळे उठले असते तर बरं झालं असतं. पण सचिवांच्या हाती रिमोट होता आणि हिशेबी माणसाला रेषा वाचायची सवय असते.

"म्हणजे हे शनिवारचे उंचवटे आपल्या बैठकांचे. बरोबर. पण मग हे मंगळवारचे? मंगळवारी दुपारी बैठक नसते. दर मंगळवारी आहे हो. आणि गुरुवारी. आणि हा बघा, केवढा वेळ दार उघडं!"

पॅन्ट्रीची किल्ली कोणाच्या खिशात असते हे सगळ्यांनी आताच पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की सरदारसाहेबांची साखर दर महिन्याला खाली तपासली जाते आणि ती का उतरत नाही याची घरी चर्चा चालू असते. ताईच्या नजरेवरून तेव्हा अंदाज आला, बाकीचं नंतर कळलं. ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली, एखाद्या अहवालाखाली सही करण्याआधी पाहावं तसं.

"मंगळवारी मी पाणी पितो," सरदारसाहेब म्हणाले. "थंड."

"हो ना काका," ताई म्हणाली. "थंड पाणी लागतंच. आता तर थंडी पण आलीये."

सचिवांनी टीव्ही बंद केला.

मी खाली जाऊन दोन तारा अदलूनबदलून लावल्या. वर आलो तेव्हा पुढचा विषय झालेला होता. अल्पोपाहाराच्या फ्रिजवर नजर ठेवणं समाजाच्या परंपरेला शोभत नाही, सबब पोर्ट दोन बंद करावा, असा ठराव सरदारसाहेबांनी मांडला होता आणि तो एकमताने मंजूर झाला होता.

मी तो बंद केला. त्याला एक क्लिक लागतं.